आईच्या मेंदूतली गाठ काढायची ठरलीय, मग नंतर परत लाईट (रेडिएशन) कशाला? (कोल्हापूर)

शिरोली_फौंड्री | ३ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी इथं नुसता वाचायला येतो, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची आहे. तीन वर्षांमागं ब्रेस्टचा कॅन्सर झालता, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला. ऑपरेशन, केमो, लाईट, वर्षभर हर-टूचं इंजेक्शन, सगळं पार पाडलं आणि एकदम नीट होती, मागच्या नागपंचमीला गल्लीतल्या बायकांबरोबर झिम्मा खेळली एवढी नीट. गेला महिनाभर सकाळी उठलं की उलटी, डोक्याच्या मागं ठणका, चालताना उजवीकडं झोक. आम्ही आधी पित्त समजलो, मग कुणीतरी मणक्याचं सांगितलं म्हणून त्याच्या गोळ्या झाल्या. रविवारी न्हाणीघरात जाताना भिंत धरून खालीच बसली, तेव्हा एमआरआय केला.

छोट्या मेंदूत, म्हणजे मानेच्या वर मागच्या अंगाला, ३.६ सेंटीमीटरची गाठ. आणि पुढं कपाळाच्या डाव्या बाजूला आत ७ मिलिमीटरचा एक ठिपका.

न्यूरोसर्जन म्हणतात मागची गाठ या आठवड्यातच काढू, तीन-चार आठवड्यांनी रेडिएशन. कागलचे मामा म्हणतात डोकं उघडायचं कशाला, लाईटनं विरघळंल की. इचलकरंजीची ताई म्हणते गाठ पूर्ण काढणारच असतील तर परत लाईट कशाला, आईनं आधीच केवढं सोसलंय. मला दोघांचं थोडं थोडं पटतंय. परवा सही करायची आहे. घरात जेवण कुणाला जात नाही. आईला अजून "सूज आहे" एवढंच सांगितलंय.

दोन्ही का लागतंय हे कुणी सोप्या भाषेत सांगेल का? आणि काय काय विचारून घेऊ?

बिंदूचौक | ४ जून, सकाळी ६:१५

दादा, धीर धरा. आमच्या चुलत्यांना पण हेच झालतं, किडनीचा कॅन्सर मेंदूत गेलता. इथं एक रेडिएशनचे डॉक्टर लिहितात, लिनॅकवाला नावानं, त्यांना मेसेज टाकलाय. तोवर आईंना एकटीला न्हाणीघरात पाठवू नका.

आबा_भुदरगड | ४ जून, सकाळी ७:४०

बाळा, माझं वय ७४. राग मानू नको पण आमच्या पिढीत एक ऐकत आलोय, कॅन्सरच्या गाठीला चाकू लागला की ती पसरते. आमच्या भावकीत दोन माणसं ऑपरेशननंतर सहा महिन्यांत गेली. डोक्याचं काम आहे, चार ठिकाणी विचारल्याशिवाय सही करू नको. काळजीपोटी सांगतोय.

लिनॅकवाला | ४ जून, दुपारी २:१०

ओपीडी संपवून लिहितोय, लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी मामांचा प्रश्न. नुसत्या लाईटनं का नाही? गाठ छोटी असती तर मामांचंच बरोबर ठरलं असतं. तो पुढचा ७ मिलिमीटरचा ठिपका आहे ना, त्याला कुणी चाकू लावणार नाही, त्याला एकाच बैठकीत नेमका जोराचा डोस देतात आणि बहुतेक वेळा तो तेवढ्यावर बसतो. याला स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी म्हणतात. नावात सर्जरी आहे पण चिरणं-कापणं काही नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननी हा शब्द १९५१ साली काढला, त्यांचंच पुढं गामा नाइफ मशीन झालं, आता लिनॅकवर, म्हणजे लाईट द्यायच्या नेहमीच्या मशीनवर पण करता येतं.

अडचण गाठ मोठी असली की येते. गाठ जेवढी मोठी तेवढा एका वेळचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर शेजारचा चांगला मेंदू भाजतो. २ सेंटीमीटरपर्यंत २४ ग्रे (ग्रे म्हणजे लाईटच्या डोसचं माप) देता येतात, २ ते ३ ला १८, ३ ते ४ ला १५. म्हणजे जिथं जास्त ताकद पाहिजे तिथंच कमी द्यावी लागते. शिवाय लाईटनं गाठ त्या दिवशी आकसत नाही, आठवडे लागतात, आणि मधल्या काळात सूज वाढू पण शकते. तुमच्या आईंची गाठ आहे छोट्या मेंदूत. तिथं जागा अगदी तोकडी असते, समोरच मेंदूतलं पाणी खाली उतरायची वाट असते. ती वाट दाबली की वर पाणी तुंबतं आणि माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. सकाळची उलटी, मागचा ठणका, झोक जाणं, ही सगळी त्या दाबाचीच लक्षणं. म्हणून न्यूरोसर्जन घाई करतायत, आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरं कारण, गाठीचा तुकडा मिळतो. अमेरिकेत केंटकीच्या रॉय पॅचेल यांनी १९९० मध्ये एक अभ्यास छापला, त्यात ५४ जण घेतले होते, सगळ्यांना मेंदूत पसरलेला कॅन्सरच आहे असं स्कॅनवरून धरलं होतं. तुकडा तपासल्यावर ६ जणांचं निघालं भलतंच. आपल्याकडं तर मेंदूत टीबीची गाठ असते, पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यानं होणारी गाठ असते. आईंचं बहुधा ब्रेस्टचंच असणार, पण हर-टू तेव्हा होतं तसंच आताही आहे का हे त्या तुकड्यावरच कळतं आणि पुढचं औषध त्यावर ठरतं.

उरले ४८ जण. त्यातल्या २५ जणांना ऑपरेशन आणि लाईट, २३ जणांना नुसती लाईट. दोन्ही मिळालेले मध्यम हिशोबानं ४० आठवडे जगले, नुसती लाईटवाले १५. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की स्वतःचं स्वतः करत जगण्याचा काळ दोन्ही मिळालेल्यांत ३८ आठवडे होता आणि नुसत्या लाईटवाल्यांत ८. हे सगळे एकच गाठ असलेले पेशंट होते आणि तेव्हा आजची औषधं नव्हती, त्यामुळं हे आकडे आईंना लावू नका. दोन्हीची जोड का लागते तेवढंच यातून बघा.

आता ताईंचा प्रश्न, पूर्ण काढली तर लाईट कशाला. ब्रेस्टमध्ये सर्जन गाठीभोवतीचा चांगला भाग पण काढून घेतात, पेशी उरू नयेत म्हणून. मेंदूत तसा एक सेंटीमीटर जास्त कापून घेता येत नाही, तिथं चालणं, गिळणं, बोलणं बसलंय. एमआरआयवर जागा स्वच्छ दिसली तरी कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी राहतात. पॅचेल यांनीच १९९८ मध्ये ९५ जणांवर हे पण बघितलं. पूर्ण काढून नंतर लाईट न दिलेल्या लोकांत ७० टक्क्यांना मेंदूत कुठं ना कुठं परत आलं, दिलेल्यांत १८. काढलेल्या जागेवरच परत आलं ते ४६ विरुद्ध १०. एकूण आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच होतं, कारण बऱ्याच जणांचा आजार अंगात दुसरीकडं पण होता, हे लपवायचं कारण नाही. पण मेंदूत परत गाठ येणं म्हणजे परत तेच ऑपरेशन, तेच झोक जाणं. ते टळण्याला किंमत आहे.

आबांना नमस्कार. आबा, चाकू लागला की अंगभर पसरतं हे खरं नाही, पण तुम्ही म्हणता त्यात एक कण आहे आणि तो मी झाकणार नाही. छोट्या मेंदूतली गाठ तुकड्या-तुकड्यानं काढावी लागली तर पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात सांडायचा धोका थोडा वाढतो. म्हणून सर्जन जमेल तिथं गाठ अखंड सोडवून काढतात, आणि ऑपरेशननंतर लाईट द्यायचं हे पण एक कारण आहे. ऑपरेशन टाळलं तर धोका टळत नाही, पाणी तुंबायचा धोका त्याहून जवळचा आहे.

लाईट कुठली, फक्त त्या जागेला की सगळ्या मेंदूला, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. रात्री लिहितो.

आजऱ्याची_घनसाळ | ४ जून, दुपारी ३:३५

डॉक्टरांनी एवढं छान सांगितलंय, मी फक्त मामांसाठी लिहिते. कागलचे म्हणजे ऊस असणारच. ऊस तोडला तरी बुडख्याला डोळे असतात आणि खोडवा फुटतोय की नाही? रान वरून मोकळं दिसतंय म्हणून ऊस संपला म्हणत नाही कुणी. तसंच आहे हे. मामांना एवढं सांगा, ताईंना पण कळंल.

शिरोली_फौंड्री | ४ जून, संध्याकाळी ७:०५

खोडव्याचं मामांना फोनवर सांगितलं. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले "मग दोन्ही करा, मी उद्या येतो". डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीनशेजारी बसून दोनदा वाचलं.

तालमीतला | ४ जून, रात्री ९:२०

(मी मुलगी आहे, आयडी वडिलांच्या नावानं केलता.)

तुम्ही "लाईट कुठली" हे आधीच विचारून ठेवा, आम्ही विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांना फुप्फुसाचा होता, २०१९ मध्ये मेंदूत चार ठिकाणी गेला. सगळ्या मेंदूला लाईट दिली, दहा दिवस, दोन आठवडे. तेव्हा ती गरजेची असंल, मी डॉक्टरांना दोष देत नाही, डोकेदुखी गेली, फिट्स थांबल्या. पण केस गेले, झोप झोप व्हायची, आणि चार-पाच महिन्यांनी विसरायला लागले. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठल्या साली कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं हे तोंडपाठ असणारा माणूस, मंगळवार पेठेतल्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मला विचारायचा, इथनं घरला कसं जायचं. ते शेवटचे महिने मला फार जड गेले. कुणी आधी सांगितलं असतं तर निदान मनाची तयारी झाली असती, त्यांच्याशी बोलायचं ते आधी बोलून घेतलं असतं.

लिनॅकवाला | ४ जून, रात्री ११:३०

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्याच कारणानं गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमची पद्धत बदलली.

सगळ्या मेंदूला लाईट म्हणजे साधारण ३० ग्रे, १० दिवसांत विभागून. फायदा असा की अजून न दिसणारे ठिपके पण दबतात. तोटा ताईंनी सांगितला तो. २०१७ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले. एकात ऑपरेशन झालेल्यांना नुसतं बघत ठेवलं किंवा गाठ काढून राहिलेल्या पोकळीलाच फक्त नेमकी लाईट दिली. वर्षानंतर त्या जागी परत न आलेले, नुसतं बघत ठेवलेल्यांत ४३ टक्के आणि लाईटवाल्यांत ७२. दुसऱ्यात पोकळीला नेमकी लाईट विरुद्ध सगळ्या मेंदूला, अशी १९४ जणांत तुलना होती. आयुष्य जवळजवळ सारखं, १२.२ आणि ११.६ महिने. पण सहा महिन्यांनी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती घटलेले, नेमकीवाल्यांत ५२ टक्के आणि सगळ्या मेंदूवाल्यांत ८५.

म्हणून एक ते चार ठिपके असतील तर हल्ली आम्ही शक्यतो नेमकी लाईट निवडतो. याची पण बाजू सांगतो, नेमकी दिली की मेंदूत दुसरीकडं नवीन ठिपका उगवायची शक्यता जास्त राहते. म्हणून पहिलं वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही. ज्या घरात हा एमआरआय होणारच नाही असं मला दिसतं तिथं मी दोनदा विचार करतो. ठिपके फार असतील, किंवा मेंदूच्या आवरणावर पसरलं असेल, तर सगळ्या मेंदूची लाईट अजूनही लागते, आणि तेव्हा आठवण साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, वाचवून द्यायची पद्धत आहे, बरोबर आठवण टिकवायला मेमँटिनच्या गोळ्या देतात. आणि ज्या पेशंटचं अंग एकदम खालावलंय तिथं काही वेळा नुसतं स्टेरॉइड आणि घरची शुश्रूषा हाच खरा उपचार असतो. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अशा पेशंटना सगळ्या मेंदूची लाईट देऊन आयुष्यात किंवा जगण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आईंचं तसं दिसत नाही.

उद्या सही करायच्या आधी सर्जनना एवढं विचारा: आमच्या रेडिएशनवाल्यांशी तुमचं बोलणं झालंय का? ऑपरेशननंतर ४८ तासांत एमआरआय करणार का? लाईटची तारीख आत्ताच धरून ठेवू का? यातलं शेवटचं फार महत्त्वाचं.

गगनबावडा_पाऊस | ५ जून, रात्री १२:४५

शेवटचं महत्त्वाचं, हे मी सांगतो का ते.

माझी बायको, ४१ वर्षांची, दोन वर्षांमागं डोक्यातली गाठ काढली. ऑपरेशन उत्तम झालं, तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलत होती. लाईट चार आठवड्यांत व्हायला पाहिजे होती. जखम थोडी ओली राहिली, मग दिवाळी आली, मग एका हॉस्पिटलातनं दुसऱ्या हॉस्पिटलात फाईल जायची होती ती गेलीच नाही, मी चौकशीला गेलो की उद्या या, सोमवारी या. ती हिंडत-फिरत होती, पोरांचे डबे करत होती, त्यामुळं मला पण वाटलं की बरं चाललंय, काय घाई आहे. अकरा आठवड्यांनी प्लॅनिंगचा एमआरआय काढला तर त्याच जागी २ सेंटीमीटरची गाठ परत उभी. परत ऑपरेशन झालं नाही, लाईट दिली, काही महिने मिळाले.

मी हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, कुणावर राग काढून ती परत येणार नाही. पण भावा, तारीख आत्ता धर. रोज फोन कर. फाईलची झेरॉक्स आणि सगळ्या सीडी स्वतःच्या पिशवीत ठेव, दुसऱ्याच्या भरवशावर एक कागद सोडू नको.

शिरोली_फौंड्री | ५ जून, सकाळी ५:५०

दादा, वाचून झोप लागली नाही. वहिनींबद्दल फार वाईट वाटलं. आजच तारीख धरतो.

सिस्टर_आक्का | ५ जून, सकाळी ८:३०

मी २२ वर्षं न्यूरो वॉर्डात काढलीत. ऑपरेशनचं डॉक्टर सांगतील, मी गोळ्यांचं सांगते. आईंना डेक्सा चालू केलं असंल ना, डेक्सामेथासोन? त्यानं सूज उतरते आणि दोन दिवसांत माणसाला एवढं बरं वाटायला लागतं की घरचे म्हणतात ऑपरेशन नकोच आता. तसं करू नका, गाठ तिथंच असते.

ती गोळी सकाळी आणि दुपारी जेवल्यावर, रात्री नको, झोप उडते. शुगर चढते, ज्यांना डायबेटिस नाही त्यांची पण, म्हणून घरात मशीन आणून ठेवा. मन चिडचिडं होतं, भूक वाढते, तोंडात पांढरी बुरशी धरते, जास्त दिवस चालली तर मांड्यांतली ताकद जाऊन खुर्चीतनं उठता येत नाही. आणि मनानं एकदम बंद कधीच करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवत आणायची.

भवानी_मंडप | ५ जून, सकाळी १०:०५

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूची ऑपरेशनं आणि कॅन्सरची लाईट दोन्ही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार घेऊन खाली आरोग्यमित्राच्या टेबलाला आजच जा, आणि लाईट ज्या पद्धतीची द्यायची आहे ती पॅकेजमध्ये बसते का हे नाव घेऊन विचारा. कंपनीत ईएसआय कापत असतील तर ते पण बघा.

मुंबईला टाटात दाखवायचं झालं तर रात्रीची महालक्ष्मी, सकाळी दादरला उतरायचं, तिथनं परळ जवळ. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरचे पेशंट तिथं राहतात, आम्ही तिथं २० दिवस काढलेत, माणसं देवासारखी भेटली. पण आईंचं घाईचं आहे, आधी इथं ऑपरेशन होऊ दे.

शिरोली_फौंड्री | ९ जून, रात्री १०:१५

शुक्रवारी ऑपरेशन झालं. सहा तास. सर्जन बाहेर येऊन म्हणाले गाठ बहुतेक अखंड सुटली, एका कडेला मेंदूच्या देठाजवळ (ब्रेनस्टेम) चिकटली होती तिथं जपून सोडवली. आई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर, बोलते, घास गिळते. उजवा हात अजून थरथरतो, पेला धरताना सांडतं. फिजिओवाले येतात.

डेक्सानं शुगर ३४० गेली. आक्का, तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, मशीन होतं, लगेच कळलं, इन्शुलिन चालू केलं.

आणि आईला सगळं सांगितलं. म्हणजे तिनंच विचारलं, "तिकडचं इकडं आलंय न्हवं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली मग एवढे दिवस तोंडं कशाला लपवत होता. आम्ही तिच्यापेक्षा जास्त घाबरलेलो हे तिला आधीच दिसलं होतं. लपवायला नको होतं असं आता वाटतं.

आबा_भुदरगड | १० जून, सकाळी ६:३०

फार बरं वाटलं बाळा. डॉक्टरांनी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला नीट समजावून सांगितलं याचा आनंद आहे. आईला आशीर्वाद सांग.

शिरोली_फौंड्री | १९ जून, रात्री ९:४०

रिपोर्ट आला, ब्रेस्टचाच, हर-टू अजून पॉझिटिव्ह. ४८ तासांतल्या एमआरआयवर गाठ दिसत नाही. पुण्यात ताईचे दीर राहतात, त्यांच्याजवळच्या सेंटरला ३ जुलैची तारीख मिळालीय. पोकळीला पाच दिवस, रोज एक, आणि पुढच्या ठिपक्याला त्याच आठवड्यात एकदा. लिनॅकवाला डॉक्टर, पाच दिवस का? एकाच दिवसात होतं ना ते?

लिनॅकवाला | १९ जून, रात्री ११:००

गाठ मोठी होती म्हणजे पोकळी पण मोठी, आणि शेजारी मेंदूचा देठ आहे. तिथं एका दिवसात सगळा डोस टाकण्यापेक्षा तीन किंवा पाच भागांत दिला की देठाला सावरायला वेळ मिळतो. नीट विचार केलाय त्यांनी. प्लॅनिंगचा एमआरआय लाईटच्या तोंडावर नवीन काढतात का तेवढं बघा, पोकळी दोन-तीन आठवड्यांत आकार बदलते, जुन्या फोटोवर नेम धरून उपयोग नाही.

उचगाव_नाका | २० जून, सकाळी ७:१०

एक वेगळंच सांगतो. ३ जुलैला पुण्याला जायचंय तर ३० जूनलाच जावा. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुण्याचा रस्ता बंद झालता. तो पूर जुलैच्या शेवटी-ऑगस्टला आला होता हे खरं, पण पावसाचा भरवसा कशाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. लाईटचा एक दिवस पण चुकायला नको. आणि एमआरआयसाठी परत जाल तेव्हा पण हे ध्यानात ठेवा.

शिरोली_फौंड्री | ८ जुलै, दुपारी ४:२०

खरंच आधी आलो, बरं झालं.

पाच पण झाले. काल पुढच्या ठिपक्याचं झालं. ज्यांना पुढं हे करायचंय त्यांच्यासाठी लिहितो. आधी चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली जाळी बसवतात, ती दहा मिनिटांत थंड होऊन कडक होते, तोच मास्क. नाक-तोंड मोकळं असतं, श्वास घेता येतो, पण डोकं तसूभर हलत नाही. आईला पहिल्या दिवशी गुदमरल्यासारखं झालं. तिथल्या मुलीनं विचारलं, आजी काय लावू, तर अंबाबाईची आरती लावली, मग शांत पडून राहिली. दुखत काही नाही. रोज अर्धा-पाऊण तास. केस गेले नाहीत, फक्त मागं ऑपरेशनला काढले तेवढेच. दुसऱ्या दिवशी रात्री डोकं दुखून उलटी झाली, त्यांनी डेक्सा दोन दिवस थोडं वाढवून परत उतरवायला लावलं.

तालमीतला | ८ जुलै, रात्री ८:५०

आरतीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांना विचारा, आठवतंय ना सगळं.

शिरोली_फौंड्री | ८ जुलै, रात्री ९:०५

गल्लीतल्या भिशीचा हिशोब तोंडी सांगितला आज. कुणाचे किती राहिलेत त्यासकट.

शिरोली_फौंड्री | २ ऑक्टोबर, रात्री १०:३०

तीन महिन्यांचा एमआरआय झाला. पोकळी आकसलीय. पुढचा ७ मिलिमीटरचा ठिपका ३ वर आलाय. नवीन काही नाही. पण पोकळीच्या एका कडेला थोडं चमकतंय असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून ताई रडायलीय.

मेडिकल ऑन्कोलॉजिस्टनी हर-टूच्या, मेंदूत पण पोचतात अशा नवीन औषधांचं सांगितलंय, महाग आहे, औषध कंपनीच्या मदतीच्या स्कीमचा फॉर्म भरलाय.

लिनॅकवाला | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

ताईंना सांगा, ती चमक म्हणजे लगेच गाठच असं नाही. लाईटनं जागेवरचं पेशीजाळं मरतं त्याची पण अशीच चमक येते, महिन्यांनी येते, आणि एका एमआरआयवर दोन्हीत फरक करणं आम्हालाही अवघड जातं. रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. पुढचा फोटो सहा-आठ आठवड्यांनी, शक्यतो पर्फ्युजन (रक्तप्रवाह दाखवणारा फोटो) सकट, त्याच मशीनवर काढा म्हणजे तुलना नीट होते. मधल्या काळात झोक, उलटी, नवीन ठणका आला तर वाट बघायची नाही. तशी लक्षणं नसतील तर आज काही करायचं नाही. नेक्रोसिस निघालं तर त्याला पण उपाय आहे, स्टेरॉइड, नाहीतर बेव्हासिझुमॅब नावाचं औषध.

गडहिंग्लज_हायवे | ३ ऑक्टोबर, दुपारी १:१५

नमस्कार, मी नवीन आहे. सगळा धागा रात्री बसून वाचला. माझ्या वडिलांचं परवा कळलं, फुप्फुसातनं मेंदूत, एकच गाठ, २ सेंटीमीटर, पुढच्या बाजूला. कुणी ऑपरेशन म्हणतंय, कुणी नुसतं ते नेमकं लाईटचं म्हणतंय. कुणाकडं आधी जाऊ?

लिनॅकवाला | ३ ऑक्टोबर, दुपारी २:५०

२ सेंटीमीटर, दाब नसेल, आजार तुकड्यावर आधीच सिद्ध असेल, तर नुसत्या नेमक्या लाईटवर भागू शकतं. फुप्फुसाच्या तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल तपासलेत का ते आधी बघा, ते पॉझिटिव्ह असेल तर गोळ्याच मेंदूतली गाठ कमी करतात आणि सगळा क्रम बदलतो. न्यूरोसर्जन आणि रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट दोघांना एकाच आठवड्यात दाखवा, एकाचं ऐकून दुसऱ्याकडं जायचं टाळू नका.

शिरोली_फौंड्री | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

गडहिंग्लजचे दादा, व्यक्तिगत मेसेजमध्ये माझा नंबर टाकलाय, कधीपण फोन करा, रात्रपाळी असली तरी उचलतो. जाताना एमआरआयची सीडी घेऊन जावा, नुसता रिपोर्टचा कागद नको, डॉक्टर लोक फोटो स्वतः बघतात. आणि सीडीची एक कॉपी घरात ठेवा.